एक्स्टेन्शन काढलं तरी परत येतंय, 'रिमूव्ह' बटणच नाही

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे आणि सध्या दिवाळी अंकांची पानं डोक्यावर आहेत, त्यामुळे थोडं घाईत लिहितेय.

एका लेखकांनी जुन्या फॉन्टमधला मजकूर पाठवला, तो युनिकोडमध्ये हवा होता. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने गूगलवर 'फॉन्ट कन्व्हर्टर' शोधलं, सगळ्यात वर आलेल्या साइटवरून काहीतरी उतरवलं आणि चालवलं. कन्व्हर्टर काही उघडला नाही. पण तेव्हापासून क्रोममध्ये नवीन टॅब उघडला की भलतंच सर्चचं पान येतं. वरच्या पट्टीत काहीही टाइप केलं की एक अनोळखी पत्ता क्षणभर चमकतो आणि मग याहूचे निकाल दिसतात, त्यात वरच्या अर्ध्या जाहिराती.

एक्स्टेन्शनच्या (क्रोमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) पानावर एक नवं नाव दिसतंय. बाकीच्यांना 'रिमूव्ह' बटण आहे, याला नाही. चालू-बंदचा खटकाही करडा झालाय. क्रोमच्या मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं येतं. आमची ऑर्गनायझेशन म्हणजे मी आणि तो मुलगा, आणि आम्ही दोघांनीही काही मॅनेज केलेलं नाही. क्रोम काढून परत टाकून पाहिलं. जैसे थे.

पेठ_३० | मंगळवार, रात्री ९.२५

फॉरमॅट मारा. तासाभराचं काम. बाकी जे कोणी सांगतील त्यात दोन दिवस घालवाल आणि शेवटी फॉरमॅटच माराल.

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ९.३१

अहो, तासाभराचं काम विंडोजचं असेल. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल आहे (ती चावी कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ते चालत नाही), जुनं पेजमेकर आहे, प्रिंटरचा ड्रायव्हर कुठल्या सीडीत आहे ते देव जाणे. ऐन सीझनमध्ये फॉरमॅट म्हणजे दुकान बंद ठेवण्यासारखं.

मंजिरी_कोथरूड | मंगळवार, रात्री ९.४०

क्रोममध्येच 'क्लीन अप कॉम्प्युटर' असा पर्याय असतो ना? सेटिंगमध्ये बघा. मागे माझ्या लॅपटॉपवर त्यानेच गेलं होतं.

टेकडीवाला | मंगळवार, रात्री १०.०५

मंजिरीताई, तो पर्याय गूगलने २०२३ च्या मार्चमध्ये, क्रोम १११ पासून काढून टाकला. इंटरनेटवर अजून शेकडो पानं तोच उपाय सांगतात, लोक शोधत बसतात.

अक्षरजुळणीताई, फॉरमॅटची गरज नाही. तुमच्या वर्णनातला 'रिमूव्ह बटण नाही' आणि 'मॅनेज्ड' हा भाग सगळ्यात कामाचा आहे. साधं एक्स्टेन्शन असतं तर ते क्रोमच्या आत राहिलं असतं आणि क्रोममधून गेलं असतं. हे बाहेरून लादलेलं आहे.

मोठ्या कंपन्यांना हजारो कॉम्प्युटरवर एकच एक्स्टेन्शन टाकायचं असतं आणि कर्मचाऱ्याने ते काढू नये असं वाटत असतं. त्यासाठी क्रोममध्ये 'पॉलिसी' नावाची सोय आहे. पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहिलेली असते, क्रोम सुरू होताना ती वाचतो आणि मुकाट्याने पाळतो. ती लिहिणारा कंपनीचा ॲडमिन आहे की फुकट कन्व्हर्टरच्या पोटात लपलेला चोर, हे क्रोमला कळत नाही. तुमच्या मुलाने विंडोजच्या 'येस / नो'च्या चौकटीत 'येस' दाबलं, त्या क्षणी त्या प्रोग्रॅमला ॲडमिनचे हक्क मिळाले. क्रोम काढून टाकल्याने रजिस्ट्री बदलत नाही, म्हणून नवा क्रोमही आल्या आल्या तेच वाचतो.

आधी नुसतं बघा, काही पुसू नका. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करून एंटर मारा. जे दिसेल ते इथे लिहा.

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री १०.२२

'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' अशी एक ओळ आहे. तिच्यासमोर अर्थ नसलेल्या इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक माळ, मग अर्धविराम, मग गूगलचाच वाटणारा एक पत्ता. खाली 'डीफॉल्ट सर्च प्रोव्हायडर'च्या दोन-तीन ओळी. लेव्हलच्या रकान्यात 'मँडेटरी'.

टेकडीवाला | मंगळवार, रात्री १०.३५

सापडलं. ती माळ म्हणजे एक्स्टेन्शनची ओळख, कायम ३२ अक्षरांची, ए ते पी एवढीच अक्षरं त्यात येतात. एक्स्टेन्शनच्या पानावर वर उजवीकडे 'डेव्हलपर मोड' चालू केलात की प्रत्येकाखाली तशी माळ दिसते. दोन्ही जुळतात का बघा, म्हणजे निष्पाप एक्स्टेन्शन मरणार नाही.

गूगलचा पत्ता पाहून 'मग हे खरंच गूगलचं असेल' असं मात्र समजू नका. जो विंडोज कॉम्प्युटर कंपनीच्या डोमेनला जोडलेला नाही, त्यावर क्रोम फक्त वेब स्टोअरमधलीच एक्स्टेन्शन्स अशी जबरदस्तीने बसवू देतो. म्हणून ही मंडळी आपला माल आधी स्टोअरमध्ये चढवतात. स्टोअरमध्ये आहे म्हणजे सज्जन आहे, असं काही नाही.

आता क्रम सांगतो. क्रम चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. ज्याने पॉलिसी लिहिली तो प्रोग्रॅम आधी, मग पॉलिसी, मग एक्स्टेन्शन, आणि क्रोमची सेटिंग्ज शेवटी. लोक नेमके उलटे जातात. सेटिंग्ज नीट करतात, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करतात आणि पाहुणा दारात उभा.

'ॲप्स'च्या यादीत जा, इन्स्टॉल केलेल्या तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं जे काही अनोळखी असेल ते काढा. एकाबरोबर दोन-तीन आलेली असतात, त्यामुळे नाव सभ्य दिसलं तरी तारीख बघा. मग स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' उघडा, डावीकडे 'लायब्ररी'वर क्लिक करा आणि प्रत्येक कामाचा 'ॲक्शन्स' टॅब बघा. नाव 'अपडेटर'सारखं साळसूद असतं, पण ॲक्शनमध्ये 'पॉवरशेल' (आज्ञा चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) आणि पुढे कुठल्यातरी स्क्रिप्ट फाईलचा पत्ता असेल तर ते संशयित. 'प्रोग्रॅमडेटा' किंवा 'ॲपडेटा'मधल्या विचित्र नावाच्या फोल्डरमधून चालणारं असेल तर जवळपास नक्कीच. गूगल अपडेटर आणि एजच्या अपडेटची कामंही तिथे असतात, ती खरी आहेत, त्यांना हात लावू नका. संशयित काम आधी 'डिसेबल' करा, डिलीट नको. स्क्रिप्टचा पत्ता लिहून घ्या.

पेठ_३० | मंगळवार, रात्री १०.५०

एवढ्या वेळात माझं फॉरमॅट करून अपडेट्सही आली असती.

टेकडीवाला | मंगळवार, रात्री १०.५४

आणि त्याच जीमेलने क्रोममध्ये साइन इन केलं की सिंकमधून, म्हणजे खात्याबरोबर फिरणाऱ्या सेटिंग्जमधून, तेच सर्च इंजिन परत आलं असतं. :)

अक्षरजुळणी | बुधवार, दुपारी १.१५

सापडलं! नावात 'अपडेट' आणि पुढे आकडे, कॉम्प्युटर सुरू झाला की चालायचं आणि मग दर काही तासांनी. ॲक्शनमध्ये पॉवरशेल, पत्ता 'प्रोग्रॅमडेटा'मधल्या निरर्थक नावाच्या फोल्डरचा. डिसेबल केलंय. ॲप्सच्या यादीत त्याच तारखेचे एक पीडीएफचं आणि एक हवामानाचं अशी दोन होती, ती काढली. पुण्याचं हवामान खिडकीतून दिसतं हो, त्याला ॲप कशाला.

रजिस्ट्रीला मात्र भीती वाटते.

टेकडीवाला | बुधवार, दुपारी २.००

भीती वाटते हे चांगलंच आहे. स्टार्टमध्ये 'रेजएडिट' टाका. डाव्या झाडात एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम. 'क्रोम'वर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट', फाईल डेस्कटॉपवर ठेवा. काही बिघडलं तर त्या फाईलवर डबल क्लिक केलं की सगळं पूर्ववत. मग उघडून बघा. फोर्सलिस्ट आणि सर्चच्या ओळी सोडून तिथे काहीच नसेल तर 'क्रोम'ची ती फांदीच डिलीट करा. तीच वाट 'एचकी करंट युजर'मध्येही तपासा. एज वापरत असाल तर पॉलिसीजमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि त्यात एज.

नंतर क्रोम पूर्ण बंद करून उघडा, पॉलिसीच्या पानावर 'रिलोड पॉलिसीज' दाबा. यादी रिकामी झाली की 'रिमूव्ह' बटण आपोआप उगवेल. काही वेळा एक्स्टेन्शन स्वतःच निघून जातं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: लॅपटॉप ऑफिसचा असेल तर यातलं काहीही करू नका. तिथल्या पॉलिसीज खऱ्याच ऑर्गनायझेशनच्या असतात. आयटीवाल्यांना फोन करा.

खडकवासला_एक्स्प्रेस | बुधवार, दुपारी ३.२०

पॉलिसी पुसूनही परत आली तर 'विंडोज' फोल्डरमधल्या 'सिस्टिम ३२'मध्ये 'ग्रुप पॉलिसी' नावाचं लपलेलं फोल्डर बघा. काही हायजॅकर (ब्राउझर पळवणारे असे प्रोग्रॅम) तिथेही फाईल ठेवतात आणि विंडोज स्वतःच ती रजिस्ट्रीत पुन्हा उतरवतं. घरच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर काढून ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'जीपीअपडेट' आणि पुढे 'फोर्स'चा स्विच दिला की झालं.

आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'ची चौकट. 'क्रोम डॉट ईएक्सई' नंतरच्या अवतरण चिन्हापुढे एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा. टास्कबारवरचा आयकॉन वेगळा असतो, तोही बघा. जुनी युक्ती आहे पण मेलेली नाही.

दवंडीवाला | बुधवार, सायंकाळी ६.४५

सगळे अँटीव्हायरस काय झोपलेत का? क्विक हील तर आपल्या पुण्यातलीच कंपनी, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून उभी राहिलेली. आणि तरी आपल्याच पेठेत ही अवस्था?

टेकडीवाला | बुधवार, सायंकाळी ७.३०

एकाच कंपनीचा प्रश्न नाही, सगळ्यांचीच अडचण आहे. व्हायरस तुम्हाला न विचारता येतो. हे लोक विचारून येतात. इन्स्टॉलरमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात 'शिफारस केलेलं सर्च बसवा' असं असतं, टिक आधीच केलेली असते आणि ती फक्त 'कस्टम'मध्ये गेल्यावर दिसते. कागदोपत्री तुमची परवानगी असते. म्हणून यांना 'पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम' असं मऊ नाव आहे. विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन' आहे, त्यात अशा ॲप्सना अडवण्याचा खटका आहे. अनेकांकडे तो बंद असतो, चालू करा.

पैशाचा हिशेब सोपा आहे. तुमचा शोध त्यांच्या मधल्या पत्त्यावरून खऱ्या सर्च इंजिनकडे जातो, तुम्ही एखाद्या जाहिरातीवर क्लिक केलंत की त्यातला वाटा त्यांना मिळतो. एकेका माणसामागे चिल्लर, पण माणसं लाखो.

जुना_मोडेम | बुधवार, रात्री ९.००

अवांतर: टूलबारचा जमाना आठवला. बॅबिलॉन, कंड्युइट, आस्क. इंटरनेट एक्स्प्लोररचं अर्धं पान टूलबारांनीच भरलेलं असायचं आणि खाली उरलेल्या जागेत वेबसाइट. जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरबरोबरसुद्धा आस्कची टिक यायची, म्हणजे फक्त भुरट्या साइट्सना दोष देऊन चालत नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्कच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत घातलं.

मग २०१७ मध्ये 'फायरबॉल'. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जगात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचं सांगितलं, त्यात भारत पहिला, अडीच कोटींच्या वर. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. पण काम तेच, होमपेज आणि सर्च पळवायचं.

मला त्यापेक्षा 'द ग्रेट सस्पेंडर'चं प्रकरण जास्त भीतीदायक वाटतं. चांगलं, उपयोगी, लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन. मूळ लेखकाने २०२० मध्ये दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकलं, नव्या मालकाने आत नको ते घातलं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने मालवेअर म्हणून सगळ्यांकडे बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीही नवीन डाउनलोड केलेलं नव्हतं. अपडेट आपोआप आलं.

मंजिरी_कोथरूड | बुधवार, रात्री ९.२५

बापरे. आमच्या बाबांचं वेगळंच चाललंय. त्यांच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात सारख्या चौकटी येतात, 'पाच व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. ते एकदा फोन करायलाच निघाले होते, आईने रिसीव्हर काढून घेतला. हे पण एक्स्टेन्शनच का?

खडकवासला_एक्स्प्रेस | बुधवार, रात्री ९.५०

आईंना दंडवत.

बहुतेक एक्स्टेन्शन नाही. कुठल्यातरी साइटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाव दाबा' असं म्हटलं असेल आणि काकांनी दाबलं असेल. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. आता ती साइट बंद असली तरी चौकटी पाठवू शकते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत जे ओळखीचं नाही ते काढून टाका. वरचा पर्याय 'साइट्सना विचारूच देऊ नका' असा करून ठेवलात तर प्रश्नच मिटतो, काकांना साइट्सच्या नोटिफिकेशनची गरज काय?

त्या नंबरवर कोणी फोन केला असेल आणि समोरच्याने एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं काही टाकायला लावलं असेल, तर नेट काढा आणि बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

अक्षरजुळणी | बुधवार, रात्री १०.१०

पॉलिसीचं पान रिकामं झालं, 'रिमूव्ह' आलं, काढलं! कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, अजून तरी शांत आहे. टेकडीवाला, तुमचा पत्ता द्या, चितळ्यांची बाकरवडी पाठवते.

पण घरी, कर्वेनगरला, लॅपटॉपवर तेच सर्च इंजिन दिसतंय. तिथे तर कोणी काहीच उतरवलं नव्हतं.

टेकडीवाला | बुधवार, रात्री १०.३०

बाकरवडी तत्त्वतः मान्य. :)

लॅपटॉपवर ते सिंकमधून गेलंय. सर्च इंजिनची निवड, होमपेज, स्टोअरमधून घेतलेली एक्स्टेन्शन्स हे सगळं गूगल खात्याबरोबर फिरतं. तिथे पॉलिसीचं पान रिकामं आहे का बघा, बहुधा असेलच. मग दोन्हीकडे सिंक बंद करा. दोन्हीकडे सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन'च्या यादीतून परका काढा, 'ऑन स्टार्टअप' आणि होमपेज तपासा, आणि 'रीसेट सेटिंग्ज' करा. बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि साइट्समधून लॉगआउट होतं, एवढंच. गूगल खात्यात क्रोमचा सिंक केलेला डेटा पुसायचं पान आहे, तिथे सर्व्हरवरची प्रत पुसा. कॉम्प्युटरवरचं तसंच राहतं. दोन्ही मशीन स्वच्छ झाल्यावरच सिंक परत सुरू करा. एक स्वच्छ आणि एक घाण असताना सुरू केलंत तर घाण जिंकते.

आता डिसेबल केलेलं ते काम डिलीट करा आणि स्क्रिप्टचं फोल्डरही. शेवटी मालवेअरबाइट्सचं 'ॲडवक्लीनर' एकदा चालवा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. पण ते त्यांच्याच साइटवरून घ्या. 'अमुक हायजॅकर कसा काढायचा' असं शोधून येणारी निम्मी पानं स्वतःचंच 'फ्री स्कॅनर' विकायला लिहिलेली असतात. स्कॅन फुकट, सफाईला पैसे.

आणि पासवर्ड. त्या एक्स्टेन्शनच्या परवानग्यांत 'सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' असं होतं का?

अक्षरजुळणी | गुरुवार, सकाळी ८.४०

हो, होतं. शब्दशः तेच.

टेकडीवाला | गुरुवार, सकाळी ९.००

मग जीमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदला, त्या कॉम्प्युटरवरून नको. गूगल खात्यात 'युवर डिव्हायसेस'मध्ये जाऊन जुनी सगळी साइन-इन बंद करा. त्याने पासवर्ड चोरलेच असतील असं नाही, बहुतेकांना जाहिरातींच्या पैशातच रस असतो. पण वाचायची सोय त्याला होती, त्यामुळे नशिबावर सोडू नका.

पेठ_३० | गुरुवार, सकाळी ११.१५

ठीक आहे, यावेळी फॉरमॅटशिवाय झालं. पण दुकानात तो मुलगा अजून ॲडमिन खात्यावरच बसतो की नाही? त्याला 'स्टँडर्ड' खातं करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. लोकल मशीनच्या त्या पॉलिसीजमध्ये ॲडमिन हक्कांशिवाय काही लिहिताच येत नाही. 'येस' दाबण्याऐवजी त्याला तुम्हाला हाक मारावी लागेल.

टेकडीवाला | गुरुवार, सकाळी ११.२२

+१. आख्ख्या धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद पेठ_३० यांचा निघेल असं वाटलं नव्हतं.

अक्षरजुळणी | गुरुवार, सायंकाळी ५.३०

खातं केलं. मुलगा जरा फुरंगटलाय, पण चालेल. लॅपटॉपही स्वच्छ झाला. ॲडवक्लीनरने रजिस्ट्रीतले दोन-चार उरलेसुरले तुकडे काढले.

मूळ प्रश्न मात्र तसाच आहे, तो मजकूर युनिकोडमध्ये कसा आणू?

जुना_मोडेम | गुरुवार, सायंकाळी ६.१०

ज्या कंपनीचा फॉन्ट आहे तिच्या सॉफ्टवेअरमध्येच बहुधा कन्व्हर्टर असतो, मेनू धुंडाळा नाहीतर त्यांच्या सपोर्टला फोन करा. डोंगलचे पैसे भरलेत ना, वसूल करा. आणि लेखक महाशयांना सांगा की विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडून कीबोर्ड निवडायचा, काहीही उतरवायला लागत नाही. पुढची कथा थेट युनिकोडमध्ये येऊ दे.

नवखा_बाणेर | शुक्रवार, रात्री १२.०५

धागा वर काढतोय. मॅकवर हेच झालं तर? रजिस्ट्री नाही तिथे. सफारीचं होमपेज बदलता येत नाहीये.

खडकवासला_एक्स्प्रेस | शुक्रवार, सकाळी ७.५०

तिथे रजिस्ट्रीच्या जागी 'प्रोफाइल' असतं. सिस्टिम सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'प्रोफाइल्स' टाका. मॅक तुमचा स्वतःचा असेल आणि तरी तिथे एखादं प्रोफाइल दिसत असेल तर तेच काढायचं. मग 'लॉगिन आयटम्स' बघा, आणि फाइंडरमध्ये 'गो टू फोल्डर' करून 'लायब्ररी'मधलं 'लाँच एजंट्स' (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचं फोल्डर), दोन्ही ठिकाणचं, तुमच्या होम फोल्डरमधलं आणि मुख्य डिस्कवरचं. अनोळखी नावाची फाईल आधी डेस्कटॉपवर हलवा, मॅक पुन्हा सुरू करा, आणि एजंट्समध्ये कुठली नावं दिसली ती इथे लिहा.